एचओई नॅरोगेजचे सांधे: तयार आणि हातचे, एक पावसाळा काढल्यानंतर

ऑगस्टच्या अखेरीस माझ्या बार्शी लाइटच्या (जुन्या नॅरोगेज रेल्वेच्या) मॉडेल मांडणीवरचा लूपचा तयार सांधा, म्हणजे गाडीला मुख्य रुळावरून बाजूच्या रुळावर नेणारा भाग, निकामी झाला. मोडला नाही. टंग रेल (सांध्याची सरकणारी टोकदार रूळपट्टी) सरकते, स्प्रिंगवर खटकन बसते, दिसायला काही दोष नाही. पण इंजिन क्रॉसिंगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तिथे, आलं की मरतं. काडीने टंग रेल स्टॉक रेलवर (शेजारच्या स्थिर रुळावर) दाबून धरली की चालतं, काडी काढली की पुन्हा जागच्या जागी थांबतं. जानेवारीत घेतल्यापासून हाच सांधा मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने दाखवत होते. आता मत बरंच बदललंय, आणि ते एकदा नाही, दोनदा बदललंय, म्हणून सविस्तर लिहिते. एन गेज, एचओई आणि ओओ९ या तिन्ही प्रकारांचा रूळ ९ मि.मी.चाच; एन गेज म्हणजे मोठ्या रेल्वेचं छोटं मॉडेल, एचओई म्हणजे नॅरोगेजचं १:८७ प्रमाणातलं, आणि ओओ९ म्हणजे नॅरोगेजचं ४ मि.मी. स्केलमधलं (४ मि.मी. म्हणजे एक फूट).

माझं मोजमाप मात्र आधी सांगायला हवं, कारण सांध्याची निवड त्यावरच ठरते. बार्शी लाइटचा गेज अडीच फूट, म्हणजे ७६२ मि.मी. १:८७ ला तो ८.७६ मि.मी. होतो, त्यामुळे ९ मि.मी.चा रूळ त्याला जवळजवळ अचूक बसतो. हीच लाइन ४ मि.मी. स्केलमध्ये केली तर रूळ १० मि.मी.चा हवा, तो बाजारात तयार मिळत नाही. पाचोरा-जामनेर किंवा शकुंतला करणाऱ्यांनाही हाच हिशोब लागू आहे. माथेरान करणाऱ्यांचं वेगळं: दोन फुटांचा गेज १:८७ ला ७ मि.मी. येतो आणि ४ मि.मी. स्केलला ८, तेव्हा त्यांना ओओ९ जवळचं. पुढचं सगळं ९ मि.मी. रुळाबद्दल आहे, त्यामुळे दोघांच्याही उपयोगाचं.

एन गेजचे सांधे स्वस्त आणि सहज मिळतात, ते का घेतले नाहीत, असं हमखास विचारतात. रूळ तोच, गेज तोच, पण स्लीपर ब्रॉडगेजसारखे दाटीवाटीने बसवलेले. साध्या रुळाचे एकाआड एक स्लीपर कापून उरलेले सरकवता येतात. सांध्याचं तसं करता येत नाही, कारण क्रॉसिंग आणि चेक रेल (चाकाला वाट दाखवणारा जादा रूळ) त्या स्लीपरवरच उभे असतात. लपलेल्या भागात चालतील. स्टेशनसमोर ठेवले की नॅरोगेज वाटतच नाही.

तर जानेवारीत एका परदेशी कंपनीचे एचओईचे तयार सांधे मागवले. कोड ८०चा रूळ (कोड म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत), स्लीपर वेडेवाकडे आणि जाडेभरडे, म्हणजे हवे तसेच, आणि क्रॉसिंगला वीज असलेले, लाइव्ह फ्रॉग प्रकारचे. कस्टम ड्यूटी, टपाल आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क धरून एक सांधा हातात पडेपर्यंत साडेतीन हजारांच्या घरात गेला. ड्यूटीचं एवढं वाटलं नाही, ती सरकारला जाते. एक कागद इकडून तिकडे सरकवण्याचं हाताळणी शुल्क मला अजून झोंबतं. पण वस्तू चांगली होती. कुठेही कूस नाही, गेज टोकापासून टोकापर्यंत एकसारखा, चाकं क्रॉसिंगवरून खड न करता जात होती. रुळावरून घसरण्याची एकही तक्रार नाही, आजही नाही.

लाइव्ह फ्रॉगचाच हट्ट का, तर नॅरोगेजची इंजिनं छोटी असतात. माझं इंजिन चार चाकांच्या एन गेज चेसिसवर उभं आहे, दोन आसांमधलं अंतर दोन-अडीच सेंटिमीटर. क्रॉसिंग प्लास्टिकचं असलं की त्या बाजूचं एक चाक तेवढ्यापुरतं मेलेलं. दुसऱ्या चाकाखाली धुळीचा कण आला की इंजिन उभं. सहा आसांचं ब्रॉडगेज डिझेल तो तुकडा सहज ओलांडतं, शिवाय ते वेगात असतं. बार्शी लाइटची गाडी यार्डात माणसाच्या चालीने फिरली पाहिजे. त्या वेगाला मेलेलं क्रॉसिंग चालत नाही.

जूनपर्यंत सगळं उत्तम होतं. खडी बसवली, रुळांच्या कडांना गंजाचा रंग दिला. जूनच्या मध्यापासून इंजिन सांध्यावर अडखळायला लागलं. आधी एखाद्या वेळी, मग रोज. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. विक्रेत्याला फोटो आणि व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं की खडी टाकलेली आणि रंग दिलेला सांधा वॉरंटीत बसत नाही. मॉडेल रेल्वेचा सांधा खडी न टाकता कोण वापरतं? मी तीन वेळा लिहिलं, तिसऱ्या पत्राला उत्तरही आलं नाही. त्या दुकानातून पुन्हा काही घेणार नाही.

आता मूळ दुखण्याकडे येते, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. अशा सांध्यात दोन्ही टंग रेल आणि क्रॉसिंग विजेच्या दृष्टीने एकच धातू असतो. त्याला वीज मिळते कुठून? जी टंग रेल ज्या स्टॉक रेलला टेकली असेल तिथून. सांधा सरळ लावला की एका रुळाची वीज, लूपला लावला की दुसऱ्याची, आणि क्रॉसिंगची पोलॅरिटी (विजेची धन-ऋण बाजू) आपोआप बदलते. कल्पना सुंदर आहे, वेगळं वायरिंग लागत नाही, म्हणूनच डब्यावर ‘जोडा आणि चालवा’ असं लिहिता येतं. पण टेकण्याची जागा म्हणजे टोकाजवळचे दोन-तीन मिलिमीटर, तेही एका बारीक स्प्रिंगच्या दाबावर. त्या फटीत रंगाचा पापुद्रा जातो, खडीसाठी ओतलेला पातळ गोंद झिरपतो, पुसायच्या कापडाचा तंतू अडकतो. पुण्यातला पावसाळ्यातला ओलावा आणि आमच्या रस्त्यावर वर्षभर चाललेल्या बांधकामाची धूळ एकत्र आली की त्याचा लेप होतो. दाब कमी, जागा कमी, हवा दमट. हे कधीतरी होणारच होतं. कोरड्या हवेत, बंद खोलीत ते कदाचित पाच वर्षांनी झालं असतं.

याच रचनेचा दुसरा परिणाम मला मामांमुळे कळला. माझे मामा कुर्डुवाडीचे, रेल्वेतून निवृत्त, नॅरोगेजच्या काळात रुळांच्या देखभालीवर होते. ते गौरी-गणपतीला आले होते. चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ सांधा पाहिला आणि विचारलं, “अगं, टंग एवढी उघडी कशाला? चाकाची कड जाण्यापुरती जागा झाली की बास.”

“मामा, कंपनीनेच तशी केलीय.”

“मग कंपनीने का केली ते शोध की. कोणी उगीच करत नाही.”

शोधलं. उघडी टंग रेल आणि तिच्या शेजारची स्टॉक रेल यांची पोलॅरिटी परस्परविरुद्ध असते. धातूच्या चाकाची आतली बाजू उघड्या टंग रेलला घासली की शॉर्ट. साध्या डीसीवर इंजिन नुसतं दचकतं, डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर) अख्खी मांडणी बंद पडते. ते टाळायला कंपनी टंग रेल खूप लांब उघडते. म्हणजे खऱ्या सांध्यासारखं न दिसण्याचं कारणही त्या एका स्पर्शावर चालणारी वीजच. मामांची नजर दिसण्यावर गेली होती आणि दुखणं एकच निघालं.

उपाय जुना आहे, परदेशातले जाणते लोक वर्षानुवर्षं करत आले आहेत. टंग रेल आणि क्रॉसिंग यांच्यामध्ये दोन्ही रुळांना बारीक काप द्यायचा. प्रत्येक टंग रेल खालून पातळ वायरने आपल्या शेजारच्या स्टॉक रेलला कायमची जोडायची. क्रॉसिंगला स्वतंत्र वायर, आणि ती एका स्लाइड स्विचला. टंग रेल हलवणाऱ्या तारेनेच तो स्विचही सरकेल असं बसवलं की सांधा आणि पोलॅरिटी बरोबर बदलतात. आता टंग रेल टेको न टेको, वीज जाते. शेजारच्या रुळाशी पोलॅरिटी एकच असल्याने उघडझाप कमी करता येते. स्लाइड स्विच तपकीर गल्लीत दहा-पंधरा रुपयांत मिळाला. कापासाठी सोनाराची करवत वापरली, ती सोन्या मारुती चौकाजवळ घेतली. फिरत्या चकतीने कापण्यापेक्षा काप बारीक येतो आणि प्लास्टिक वितळत नाही. काप दिल्यावर त्यात प्लास्टिकचा पातळ तुकडा चिकटवा, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रूळ वाढून काप मिटतो आणि शॉर्ट शोधत बसावं लागतं.

सप्टेंबरमध्ये सगळे तयार सांधे असे करून घेतले. तेव्हापासून एकही अडखळणं नाही. ऑगस्टमध्ये मला कोणी विचारलं असतं तर तयार सांधे घेऊच नका असं सांगितलं असतं. आज तसं म्हणणार नाही. भूमिती आणि साचेकाम उत्तम आहे, वीज तेवढी आपल्या हाताने द्यायची. आणि नवीन घेत असाल तर टंग रेल कारखान्यातच कायम जोडलेल्या आहेत का, क्रॉसिंगची वायर वेगळी सोडली आहे का, हे आधी पाहा. पेको कंपनीच्या युनिफ्रॉग पद्धतीत तसं असतं. गेज आणि त्रिज्या जुळत असेल तर थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्या. करवतीचा त्रास वाचतो.

तरीही यापुढे मी तयार सांधा घेणार नाही. त्याचं कारण हातचे सांधे.

एप्रिलमध्ये गुड्स शेडच्या साइडिंगसाठी सांधा हवा होता आणि पुन्हा साडेतीन हजार घालायची तयारी नव्हती. म्हणून कॉपर क्लॅडच्या स्लीपरवर रूळ सोल्डर करून हाताने बनवला. कॉपर क्लॅड म्हणजे पीसीबी बनवायची तांब्याचा थर असलेली पाटी; तीही तपकीर गल्लीतच मिळते. तिच्या २ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापायच्या. नॅरोगेजचा लाकडी स्लीपर साधारण पाच फुटांचा, १:८७ ला साडेसतरा मि.मी.; सांध्याखाली तो पुढे पुढे लांब होत जातो. आराखड्यासाठी टेम्प्लॉट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, हवा तो गेज आणि क्रॉसिंगचा क्रमांक (छेदाचा कोन किती निमुळता ते; १ इन ६ म्हणजे क्रमांक ६) घालून छापता येतो. छापताना ‘फिट टू पेज’ बंद करा आणि कागदावर फूटपट्टी ठेवून मोजा.

क्रमांक कोणता घ्यावा यासाठी सिव्हिलच्या अभ्यासातली सूत्रं कामी येतात: कर्व्ह लीड (टंग रेलच्या टोकापासून क्रॉसिंगच्या नाकापर्यंतची लांबी) बरोबर २ × गेज × क्रमांक, आणि त्रिज्या बरोबर दीडपट गेज अधिक २ × गेज × क्रमांकाचा वर्ग. गेज ९ मि.मी. आणि क्रॉसिंग १ इन ४ घेतलं तर लीड ७२ मि.मी., त्रिज्या साधारण ३०० मि.मी. १ इन ६ घेतलं तर लीड १०८ आणि त्रिज्या साधारण ६६०. आपल्या रेल्वेतलं नेहमीचं १ इन ८½ घेतलं तर लीड १५३ आणि त्रिज्या १३०० च्या वर; दिसायला देखणं, पण माझ्या साडेचार फुटी फळीवर दोन सांधे लावले की लूपला जागाच उरत नाही. मी १ इन ६ वर थांबले. माझे चार आसांचे डबे त्यावरून सुरेख वळतात, आणि साडेतीन हजारवाल्या सांध्यापेक्षा ही वळणं कितीतरी मऊ आहेत.

कामात सगळ्यात महत्त्वाचं क्रॉसिंगचं नाक आणि चेक रेल. नाकासाठी दोन रूळ कानशीने घासून एकत्र सोल्डर करायचे. त्यासाठी सागवानी ठोकळ्यात १ इन ६ च्या कोनाने, म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास, खाच पाडून घेतली की दोन्ही तुकडे एकसारखे घासले जातात. चेक रेलचं अंतर बरेच जण जवळच्या रुळापासून मोजतात. ते क्रॉसिंगच्या नाकापासून मोजायचं असतं. चेक रेलचं कामच पलीकडच्या चाकाला नाकावर चढू न देणं हे आहे, तेव्हा नाकाशी त्याचं नातं अचूक हवं. आणि त्याआधी आपल्या सगळ्या चाकांचं आतल्या बाजूचं अंतर एक करून घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एन गेज चाकांत ते सारखं नसतं. ते न करता सांध्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रत्येक स्लीपरच्या तांब्याला मध्ये काप देऊन मल्टिमीटर लावा, पीप वाजला की कुठेतरी तांबं राहिलं आहे.

एवढं करून सांधा चारशे-पाचशे रुपयांत पडला, परदेशातून मागवलेल्या निकेल सिल्व्हर रुळासह. वेळ लागतो हे खरं. पहिल्याला बरेच रविवार गेले, आता दोन संध्याकाळी पुरतात. टंग रेल सुरुवातीपासून स्टॉक रेलशी जोडलेल्या असल्यामुळे जून-जुलैत तयार सांधे आजारी पडत असताना साइडिंगचा सांधा एकदाही थांबला नाही. तो शेजारी उत्तम चालत होता म्हणूनच दुखणं तयार सांध्याच्या रचनेत आहे हे मला कळलं. फळी तीच, धूळ तीच, खडीचा गोंदही तोच.

हातच्या सांध्याचा दुबळा भाग वेगळा आहे आणि तोही सांगते. टंग रेल आणि त्यांना जोडणारा टायबार थेट सोल्डर केला की प्रत्येक हालचालीला तो जोड पिळला जातो. जुलैच्या अखेरीस माझा तुटला. हा दोष पद्धतीतला आहे, नुसत्या सोल्डरने तो टळत नाही. इलाज असा: टंग रेलच्या पायाला पितळी टाचणी सोल्डर करायची आणि ती टायबारच्या भोकातून खाली सोडून वळवायची, म्हणजे जोड पिळला न जाता फिरतो. सोल्डर भोकात जाऊ नये म्हणून टाचणीला आधी तेलाचा थेंब आणि मध्ये पातळ कागद. नव्या सगळ्या सांध्यांना हेच केलं, अजून एकही तुटलेला नाही.

जिगबद्दल, म्हणजे रूळ जागेवर पकडून ठेवणाऱ्या साच्याबद्दल. कॅनडाच्या फास्ट ट्रॅक्सचा ॲल्युमिनियमचा जिग ठाण्याच्या मित्राकडून आणून वापरून पाहिला. काम अतिशय देखणं होतं, नवख्याच्या हातूनही गेज चुकत नाही. पण एक जिग म्हणजे एक गेज, एक क्रमांक. ज्याला एकाच मापाचे दहा-बारा सांधे करायचे आहेत त्याने चार जणांत मिळून घ्यावा. छोट्या स्टेशनाला एकदोन सांधे वळणात बसवावे लागतात, तिथे जिगचा उपयोग नाही, कागदी आराखडाच लागतो. नाक घासायचा त्यांचा वेगळा छोटा जिग मात्र मला पैसे वसूल वाटला. थ्रीडी प्रिंटचे स्लीपर एकदा पाहिले. सोल्डरिंगच्या उष्णतेने वाकतात, रूळ चिकटवायचे असले तरच घ्या.

राहिला रूळ, आणि याच कारणासाठी मी तयार सांध्यांकडे परत जाणार नाही. बार्शी लाइट एव्हरार्ड काल्थ्रॉप यांनी १८९७ मध्ये सुरू केली ती ५ टनांच्या आसभारावर, एक यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाच्या रुळावर. त्या लाइनचा सगळा विचारच हा की भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलका रूळ पुरतो. असा रूळ उंचीला साधारण तीन इंच, १:८७ ला एक मिलिमीटरच्याही आत. कोड ८० म्हणजे २.०३ मि.मी.; ८७ ने गुणलं तर १७७ मि.मी. आज मुंबई-पुणे मेनलाइनवर असतो तो ६० किलोचा रूळसुद्धा १७२ मि.मी. उंच आहे! म्हणजे तयार सांध्यावरची माझी बार्शी लाइट राजधानीच्या रुळापेक्षा जाड रुळावर धावत होती. हे एकदा मोजल्यावर मला ते पाहवेना. कोड ५५ म्हणजे १२१ मि.मी., कोड ४० म्हणजे ८८. कोड ४० सगळ्यात जवळचा, पण जुन्या खोल कडेची एन गेज चाकं त्यावर सोल्डरच्या गाठींना घासतात. माझी काही चाकं तशी आहेत, म्हणून सध्या कोड ५५. चाकं बदलली की साइडिंगचा नवा सांधा कोड ४० मध्ये करणार आहे.

कोड ८० चे तयार सांधे मी आता पडद्यामागच्या यार्डात टाकले आहेत, जिथे गाड्या उभ्या राहतात आणि कोणाला दिसत नाहीत. नव्या वायरिंगसह ते तिथे भरवशाचे आहेत. पुढे दिसणाऱ्या भागात सगळे हातचे. दोन उंचींच्या रुळांच्या जोडाला कोड ८०ची फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) अर्धी चेपून तिच्यावर कोड ५५ सोल्डर करायचा. माथे एका पातळीत आले पाहिजेत, तळ नाही.

रूळ मागवताना एक करा. नुसता रूळ सहसा तीन फुटी तुकड्यांत येतो, आणि लांब पार्सलचा टपालखर्च रुळापेक्षा जास्त होतो, वर तो वाकून येतो. सांध्याला तेवढा लांब तुकडा कधीच लागत नाही. दीड फुटी तुकडे करून पाठवा असं दुकानदाराला आधीच लिहा. बहुतेक जण करून देतात, आणि पार्सल साध्या टपालाने येतं.